जीव, आत्मा आणि मन : अभ्यासवर्गात शिकवायचं कसं?

गिरणाकाठ
नमस्कार. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मोठ्यांच्या बायबल अभ्यासासाठी तीन बुधवार मिळाले आहेत, दर वेळी सव्वा तास. विषय आहे जीव, आत्मा आणि मन. वर्गाला शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, दोन परिचारिका आहेत. निम्म्या घरांत अहिराणी बोलतात.

१ थेस्सल ५:२३ उघडलं की 'आत्मा, जीव व शरीर' असे तीन भाग दिसतात. मत्तय १०:२८ मध्ये 'आत्मा व शरीर' असे दोनच. मार्क १२:३० मध्ये तर मन, जीव, बुद्धी आणि शक्ती. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारणार की माणूस नेमका किती भागांचा? शिवाय 'आत्मा' म्हटलं की आपल्याकडे अमर, अजन्मा असं काहीतरी डोक्यात आधीच बसलेलं असतं, नाहीतर गावातल्या पिंपळावरचं भूत. सुरुवात कुठून करू?

सातपुडा_पायथा
तीन भागच शिकवा, सोपं पडतं. फळ्यावर एकात एक तीन वर्तुळं काढा. बाहेरचं शरीर, पाच ज्ञानेंद्रियांचं. मधलं जीव, त्यात मन, भावना आणि इच्छा. सगळ्यात आतलं आत्मा, त्यात विवेकबुद्धी आणि देवाशी संगती. निवासमंडपाशी, म्हणजे मोशेच्या काळातल्या उपासनेच्या तंबूशी, जुळवता येतं : अंगण, पवित्रस्थान, परमपवित्रस्थान. इब्री ४:१२ मध्ये वचन 'जीव व आत्मा' यांना भेदून जातं असं स्वच्छ म्हटलंय. वेगळे नसते तर भेदणार कशाला?

ग्रीकवाचक
सातपुडादादा, त्या ओळीत पुढचे शब्द वाचा : 'सांधे व मज्जा'. सांधा आणि मज्जा या काही एकमेकींना चिकटलेल्या दोन चकत्या नाहीत की मधून सुरी घालून वेगळ्या काढाव्यात. वचन जीवातही शिरतं, आत्म्यातही शिरतं, हाडाच्या आतल्या मगजापर्यंत जातं, असा तो अर्थ आहे. लेखकाला खोली सांगायची आहे, चिरफाडीचा नकाशा द्यायचा नाही.

लूक १:४६-४७ जोडीला ठेवा. मरिया म्हणते, माझा जीव प्रभूला थोर मानतो आणि माझा आत्मा उल्लासला आहे. स्तोत्रांची हीच रीत आहे, एकच गोष्ट दोन ओळींत दोन शब्दांनी सांगायची. तिथे मरियेचे दोन अवयव दोन वेगळी कामं करताहेत असं कुणी म्हणत नाही.

आणि गिरणाताई, तुमच्या गोंधळाचा अर्धा भाग भाषांतरातून आलाय. मत्तय १०:२८ मध्ये आपल्या पवित्र शास्त्रात 'आत्मा' छापलंय, मत्तय १६:२६ मध्ये 'जिवाला मुकला' छापलंय. ग्रीकमध्ये, म्हणजे नव्या कराराच्या मूळ भाषेत, दोन्हीकडे एकच शब्द आहे, 'प्सुखे'.

भुसावळ_जंक्शन
एकाच शुभवर्तमानात एकच शब्द आणि मराठीत दोन? असं का केलं असावं?

ग्रीकवाचक
१०:२८ मध्ये 'जीव' घालून बघा. 'जे शरीराचा घात करतात पण जिवाचा घात करू शकत नाहीत.' मराठीत शरीराचा घात झाला की जीव गेलाच, त्यामुळे वाक्य आपलंच आपल्याला खोडतं. तिथे 'आत्मा' घातल्याशिवाय अर्थ पोचत नव्हता. १६:२६ मध्ये मात्र पुढेमागे जीव वाचवणं आणि जीव गमावणं असाच विषय आहे, तिथे 'जीव'च शोभतो. भाषांतर चुकलेलं नाही. पण शिकवणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो मराठी शब्दांवर मोठी शिकवण उभारून बसतो.

तापीमाय
सुरुवात थेस्सलपासून नको, उत्पत्ती २:७ पासून करा. त्या ओळीत तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही हळूहळू वाचाव्यात. जमिनीतली माती. नाकपुड्यांत फुंकलेला श्वास. आणि मनुष्य जिवंत प्राणी 'झाला'. हे 'जिवंत प्राणी' म्हणजे इब्रीत, जुन्या कराराच्या मूळ भाषेत, 'नेफेश हय्या'. देवाने माणसाच्या आत नेफेश ठेवला असं लिहिलेलं नाही. माती आणि श्वास मिळून माणूस स्वतःच नेफेश झाला. पहिला सव्वा तास या एका क्रियापदावर गेला तरी चालेल.

एक चूक हमखास होते. श्वासासाठी तिथे 'रूआह' (वारा, श्वास, आत्मा) आहे असं सांगितलं जातं. तिथे 'नेशामा' आहे. आणि तो श्वास फक्त माणसालाच मिळाला असंही नाही, उत्पत्ती ७:२२ मध्ये जलप्रलयात मेलेल्या सगळ्या भूचर प्राण्यांच्या नाकातला श्वास सांगताना हाच शब्द येतो. 'नेफेश हय्या' हेही १:२० मध्ये जलचरांना आणि १:२४ मध्ये गुराढोरांना लावलंय. माणसाचं वेगळेपण १:२६-२७ मध्ये आहे, देवाच्या प्रतिरूपात. ते श्वासात शोधायला गेलं की पुढची सगळी मांडणी वाकडी होते.

नेफेश हा शब्द जुन्या करारात साडेसातशेच्या आसपास वेळा येतो आणि त्याचा पसारा आपल्या 'जीव' या शब्दासारखाच आहे. स्तोत्र ६९:१ मध्ये पाणी नेफेशपर्यंत आलंय, म्हणजे सरळ गळ्यापर्यंत. लेवीय १७:११ मध्ये देहाचा नेफेश रक्तात आहे. यहेज्केल १८:४ मध्ये पाप करणारा नेफेश मरतो. गणना ६:६ मध्ये तर 'नेफेश मेत' म्हणजे चक्क प्रेत. नीतिसूत्रे १२:१० शेतकऱ्यांना नक्की वाचून दाखवा : नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या नेफेशची काळजी घेतो. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावणाऱ्याला 'बैलालाही जीव आहे' हे समजावून सांगावं लागत नाही.

कळण्याची_भाकर
अहिराणी बोलणाऱ्यांसाठी एक सूचना. 'जीव' आपल्याकडे चोख चालतो, 'मना जीव घाबरस' हे घराघरात आहे. 'मन' मात्र जपून. अहिराणीत 'मना' म्हणजे 'माझा'. 'मना'ला विभक्ती लागली की म्हाताऱ्या माणसांचा घोटाळा होतो, त्यांना वाटतं 'माझ्या' काय ते पुढे येणार आहे. अशा वेळी 'काळीज' किंवा 'ध्यान' म्हणा, उदाहरण द्या, मग पुढे जा.

भुसावळ_जंक्शन
माणूस मरताना २१ ग्रॅम वजन कमी होतं, तोच आत्मा, असं तरुण पोरं मोबाइलवर दाखवतात. वर्गात हे निघणारच.

ग्रीकवाचक
निघालं तर दोन मिनिटांत उरका. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डंकन मॅकडुगल या डॉक्टरने मरणासन्न रुग्णांचा पलंगच काट्यावर ठेवून वजन केलं आणि १९०७ मध्ये ते छापलं. रुग्ण सहा. त्यातल्या दोघांची मोजणी त्याने स्वतःच बाद केली. उरलेल्या चौघांचे आकडे एकमेकांशी जुळेनात, त्यातल्या एकाचा आकडा २१ ग्रॅमच्या जवळ आला, तोच जगभर फिरतोय. आणि मुळात ज्याचं वजन करता येतं ते पदार्थ झालं. लूक २४:३९ मध्ये येशूच सांगतो, आत्म्याला हाडमांस नसतं.

सातपुडा_पायथा
नेफेशचं मान्य. पण मग १ थेस्सल ५:२३ मध्ये प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना तीन शब्द का लिहितो? एकच अर्थ होता तर एकच शब्द पुरला असता.

तापीमाय
त्याच ओळीत 'परिपूर्ण' हा शब्द आहे, जोर त्याच्यावर आहे. तुमच्यातलं काहीही बाहेर राहू नये, म्हणून तो मोजून तीन नावं घेतो. मार्क १२:३० मध्ये हेच चालतं. अनुवाद ६:५ मध्ये मूळ आज्ञेत तीनच शब्द आहेत : लेबाब, नेफेश, मेओद; म्हणजे हृदय, जीव, बळ. मार्कात चार झाले. मत्तय २२:३७ मध्ये पुन्हा तीन, आणि तेही वेगळे तीन, कारण बळ गेलं आणि बुद्धी आली. नावं मोजून भाग ठरवायचे असतील तर मोशेचा माणूस, मत्तयाचा माणूस आणि मार्काचा माणूस वेगवेगळे निघतील.

मार्कात बुद्धी का वाढली ते मात्र सांगण्यासारखं आहे. इब्री माणूस हृदयानेच विचार करतो. 'लेब' म्हणजे भावना आणि विचार आणि निर्णय, सगळं एकत्र. ग्रीक ऐकणाऱ्याला 'हृदय' म्हटल्यावर विचार त्यात आला असं वाटणार नाही, म्हणून बुद्धी सुटी काढून सांगावी लागली. आपल्या 'मन' या शब्दात लेबसारखीच सगळी भेळ आहे : मनात येतं, मन दुखतं, मन घट्ट करतो. म्हणून जुन्या कराराच्या मराठीत 'लेब'साठी 'मन' छान बसतं. अडचण नव्या करारात येते. रोम १२:२ मध्ये 'मनाचं नवीकरण' आहे, तिथे मूळ शब्द 'नूस', म्हणजे समजून घेण्याची, पारखण्याची शक्ती. ऐकणारा ते भावना शांत होण्याबद्दल समजतो. पौल तिथे विचार करण्याची पद्धत बदलायला सांगतोय, आणि लगेच पुढे कारणही देतो : देवाची इच्छा काय आहे ते पारखता यावं म्हणून.

नवापूर_रस्ता
अभ्यासाच्या बाहेरचं वाटेल, पण आमच्या भागात हा मुद्दा आधी येतो. रूआह म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा, तिन्ही. ग्रीक प्नेउमाचंही तसंच, योहान ३:८ मध्ये वारा आणि आत्मा एकाच शब्दाने खेळवलेत. हे शिकवलं की समोरचा म्हणतो, म्हणजे अंगात वारं येतं तेच! कानबाई या खान्देशातल्या देवीच्या उत्सवात अंगात येणं पाहिलेला माणूस पवित्र आत्मा त्याच चौकटीत बसवतो. मग उपासनेत जो जास्त हलतो त्याच्यात जास्त आत्मा, असं ठरतं.

फरक एका ओळीत आहे, १ करिंथ १४:३२ : संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. वारं अंगात येतं तेव्हा माणूस स्वतःच्या ताब्यात नसतो, नंतर त्याला काही आठवत नाही. पवित्र आत्मा माणसाचं मन बाजूला सारून त्याची जागा घेत नाही. रोम ८:१६ मध्ये तो 'आपल्या आत्म्याबरोबर' साक्ष देतो, म्हणजे आपला आत्मा जागेवरच असतो. गलती ५:२२-२३ च्या फळांत शेवटचं फळ संयम आहे. बेभान होणं त्या यादीत नाही.

गिरणाकाठ
नवापूरदादा, हे फार कामाचं. 'आत्मा' हा एकच शब्द माणसाच्या आत्म्याला, पवित्र आत्म्याला आणि अशुद्ध आत्म्यालाही. वाचताना कोणता कसा ओळखायचा?

ग्रीकवाचक
देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, म्हणून इंग्रजी बायबलसारखी खूण मिळत नाही. पण जुन्या ग्रीक हस्तलिखितांतही ती नव्हती. इंग्रजी वाचकाला जे मोठ्या अक्षरात दिसतं तो भाषांतरकाराचा निर्णय असतो. मराठी वाचक मूळ वाचकाच्याच जागी उभा आहे, त्याला संदर्भावरून ठरवावं लागतं. रोम ८ व्या अध्यायात प्रत्येक 'आत्मा'समोर विचारायचं : कुणाचा? देवाचा, आपला, की दास्याचा? दहाव्या ओळीवर टीकाकारांचं आजही एकमत नाही. तिथे वर्गालाही दोन्ही बाजू सांगा, जबरदस्तीने एक ठरवू नका.

मोगरा_जळगाव
परिचारिका वर्गात आहेत म्हणून लिहिते. 'जीव म्हणजे भावना' असं एकदा शिकवलं की पुढची पायरी ठरलेली असते : उदास आहेस म्हणजे तुझा आत्मा कमजोर आहे. त्यातून लोक मानसोपचाराच्या गोळ्या मधेच बंद करतात. गोळी अचानक सोडली की चक्कर, झोप उडणं, बेचैनी येते आणि मूळ आजार उलटतो. मग म्हणतात विश्वास कमी पडला. डोस कमी करायचा तर डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने, आणि प्रार्थना त्याच्याबरोबर चालूच.

१ राजे १९ वाचून दाखवा. एलीया झुडपाखाली बसून म्हणतो, माझा जीव घे. मूळ शब्द नेफेशच. देवाने आधी प्रवचन दिलं नाही. झोप दिली. मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर, आणि तेही मंद वाणीने. थकलेलं शरीर आणि खचलेला जीव देवाने वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून हाताळले नाहीत.

नवापूर_रस्ता
मोगराताई, सहमत. मत्तय ४:२४ पण घ्या, तिथे भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती अशी नावं सुटी सुटी आहेत.

सातपुडा_पायथा
पण मत्तय १७ मध्ये फेफऱ्याच्या मुलातून येशूने भूतच काढलं. सगळंच आजारावर ढकलता येणार नाही.

मोगरा_जळगाव
बरोबर, सगळंच आजार आहे असं मी म्हणत नाही. पण त्या मुलाचं निदान येशूने केलं. आपल्यासमोर झटका आलेला माणूस असेल तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा कांदा-चप्पल काही घालू नका, घड्याळ बघा, आणि पाच मिनिटांपुढे गेलं तर गाडी बोलवा. गाडी येईपर्यंत प्रार्थना करायला कुणाची हरकत?

केळीबाग_रावेर
माझा प्रश्न वेगळा. बाळात आत्मा येतो कुठून? आईबापाकडून की देवाकडून थेट?

तापीमाय
नाना, हा वाद सतराशे-अठराशे वर्षांचा आहे आणि तुमच्याच बागेत समजावता येईल. केळीच्या कंदाला बाजूने मुनवा फुटतो, तो आईच्याच गाभ्यातून येतो. तर्तुलियन (हा आणि पुढचे जेरोम, ऑगस्तीन, ओरिजेन हे चर्चचे सुरुवातीच्या शतकांतले विचारवंत) म्हणे आत्मा तसा, आईबापाकडून देहाबरोबर उतरतो. ल्यूथरपंथीयांचा कल पुढे तिकडेच राहिला. फायदा असा, की आदामाचं पाप सगळ्यांत कसं उतरलं (रोम ५:१२) हे सहज कळतं. आधाराला इब्री ७:९-१०, लेवी अब्राहामाच्या पोटी होता. जेरोम म्हणे प्रत्येक आत्मा देव नव्याने निर्माण करतो. रोमन कॅथलिक चर्चची हीच अधिकृत शिकवण आहे आणि प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतले बहुतेक जण हेच मानतात. आधार उपदेशक १२:७ आणि इब्री १२:९, 'आत्म्यांचा पिता'. अडचण अशी, की देवाने आत्ता निर्माण केलेला शुद्ध आत्मा पापी कसा? ऑगस्तीनसारख्या माणसाने शेवटपर्यंत यातली एक बाजू पक्की घेतली नाही. तिसरं मत ओरिजेनचं, आत्मे देहाआधीपासून आहेत. ते मात्र सहाव्या शतकात चर्चने नाकारलं. पूर्वजन्माची कल्पना ज्यांच्या मनात आहे त्यांना हे मुद्दाम सांगा.

केळीबाग_रावेर
मुनव्याचं उदाहरण चाललं. पण मुनवा मर रोगाच्या बागेतला असला तर रोग घेऊनच येतो, हेही जोडा. पापाचं तेच आहे.

अमळनेर_वाचक
फक्त दोन भाग की तीन, यावर चर्चने कधी निकाल दिला का?

ग्रीकवाचक
थेट नाही, पण चौथ्या शतकातल्या एका प्रकरणाने तीन भागांची मांडणी संशयात आली. लावदिकियाचा बिशप अपोलिनारिस म्हणे, ख्रिस्ताला मानवी देह होता, पण मानवी बुद्धी, म्हणजे नूस, नव्हती. तिच्या जागी देवाचा शब्द होता. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत हे अमान्य झालं. नाझियान्झसच्या ग्रेगरीचं उत्तर असं : जे त्याने धारण केलं नाही ते बरंही झालं नाही. आपली बुद्धीच बिघडलेली, आणि तीच त्याने घेतली नसेल तर तिचं तारण कसं होणार? म्हणून शुभवर्तमानं मत्तय २६:३८ मध्ये त्याचा जीव खिन्न झालेला दाखवतात, लूक २:५२ मध्ये तो ज्ञानाने वाढतो, लूक २३:४६ मध्ये आत्मा पित्याच्या हाती सोपवतो. माणसाचं काहीही त्याच्यात कमी नव्हतं. 'भाग किती' या प्रश्नाचं महत्त्व मला तरी इथेच कळतं.

भुसावळ_जंक्शन
आणि मेल्यावर? माती देताना घरचे विचारतात, आत्ता तो कुठे आहे?

मोगरा_जळगाव
लूक २३:४३, 'तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील'. फिलिप्पै १:२३ पण.

अमळनेर_वाचक
ऍडव्हेंटिस्ट पंथाचे बांधव स्वल्पविराम 'आज'नंतर टाकतात : 'मी तुला आज सांगतो'. मूळ हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती, हे खरं आहे. उपदेशक ९:५ आणि १ थेस्सल ४ मधल्या 'झोपी गेलेल्या' यावरून ते मरण म्हणजे पुनरुत्थानापर्यंतची गाढ झोप मानतात.

ग्रीकवाचक
विरामचिन्हांचं खरं. पण 'मी तुला खचित सांगतो' हे येशूचं ठरलेलं वाक्य आहे, शुभवर्तमानांत कितीतरी वेळा येतं आणि दुसरीकडे कुठेही त्याला 'आज' जोडलेलं नाही. म्हणून बहुतेक भाषांतरं 'आज' पुढच्या वाक्यात ठेवतात. कॅल्व्हिनने आत्म्याच्या झोपेविरुद्ध एक आख्खं पुस्तक लिहिलं, ते १५४२ मध्ये छापलं गेलं. कॅथलिक मंडळी यात शुद्धिस्थान, म्हणजे मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था, धरतात, म्हणून २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना होते. प्रोटेस्टंट ते मानत नाहीत. भुसावळला दोन्हीकडचे पाहुणे एकाच मातीला उभे असतात, तेव्हा कबरीपाशी वाद नको.

घरच्यांना इतकं सांगा : तो ख्रिस्ताजवळ आहे, आणि अजून सगळं पूर्ण झालेलं नाही. ही दुसरी बाजू सुटते. 'आत्मा देवाघरी गेला, सुटला' एवढ्यावर थांबलं की देह म्हणजे पिंजरा, असं होतं. ते ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचं आहे. प्रेषितांच्या विश्वासांगिकारात आपण दर रविवारी 'देहाचे पुनरुत्थान' म्हणतो.

गिरणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवते आहे. पहिला बुधवार उत्पत्ती २:७, फक्त नेफेश. दुसरा, चार रंगांच्या पेन्सिली देऊन लूक १, मत्तय १० व १६, रोम ८ आणि रोम १२ मध्ये खुणा : जीव हिरवा, आत्मा निळा, मन लाल, आणि पवित्र आत्म्याला पिवळा. मूळ शब्दांसाठी स्ट्राँगच्या बायबल शब्दसूचीतले क्रमांक फळ्यावर लिहीन : नेफेश ५३१५, रूआह ७३०७, प्सुखे ५५९०, प्नेउमा ४१५१, नूस ३५६३. वर्तुळं काढणार नाही. सातपुडादादा, रागावू नका.

सातपुडा_पायथा
राग कसला. तीन वर्तुळांचा एक उपयोग अजूनही मानतो, देवाशी बोलणारं काहीतरी माणसात आहे हे त्याने लक्षात राहतं. पण रेषा काढायचीच तर तुटक काढा. इब्री आणि ग्रीक क्रमांकांच्या दोन याद्या वेगळ्या असतात, तेही फळ्यावर लिहा, नाहीतर रूआहचा आकडा लोक नव्या करारात शोधत बसतील.

केळीबाग_रावेर
तिसऱ्या बुधवारी काय?

गिरणाकाठ
१ करिंथ १५:३५-४९. पण ४४ व्या ओळीतलं 'प्राणमय शरीर' आणि 'आध्यात्मिक शरीर' अडतं. आध्यात्मिक म्हणजे धुरासारखं, हवेतलं, असंच सगळ्यांना वाटतं.

तापीमाय
शेतातला पंप दाखवा. डिझेल पंप म्हणजे डिझेलचा बनवलेला पंप नव्हे, डिझेलवर चालणारा. सौर पंप म्हणजे उन्हाचा बनवलेला नव्हे. दोन्ही लोखंडाचेच, दोन्ही पाणी उपसतात, फरक चालवणाऱ्या शक्तीचा. पौलाचे 'प्सुखिकोस' आणि 'प्नेउमातिकोस' हे शब्द तसे आहेत. आजचं शरीर जिवाच्या बळावर चालतं, म्हणून ते थकतं आणि मरतं. उठलेलं शरीर देवाच्या आत्म्याच्या बळावर चालेल. शरीर दोन्हीकडे आहे. आणि ३७ वी ओळ वाचताना हातात दादर ज्वारीचा एक दाणा धरा. पौल गव्हाचं नाव घेतो, पण 'किंवा दुसऱ्या कशाचा' असंही म्हणतो.

कळण्याची_भाकर
दाणे वर्गात वाटा, प्रत्येकाला एक. दादर पेरणीची असेल तर बरं, दळणातली नको, ती कधी किडकी निघते आणि मग उगवत नाही.